जुळ्यांनंतरची इडोवू

इडोवूचं नाव कुणी ठेवलं नव्हतं. ती यायच्या आधीच ते ठरलेलं होतं.

नायजेरियातल्या आमच्या इग्बो-ओरा गावात जुळी इतकी होतात की एकट्यानं जन्मलेल्या पोराला लोक विचारतात, ‘दुसरं कुठं ठेवून आलास?’ त्यामुळे जुळ्यांच्या नावाची चर्चा होत नाही. आधी बाहेर येईल ते तायवो, मागून येईल ते केहिंडे. मुलगा असो की मुलगी. त्यातही थोरलं मानायचं ते केहिंडेला. थोरल्यानं आत आरामात बसायचं आणि धाकट्याला पुढं पाठवायचं, ‘जा, जग कसं लागतं ते चाखून ये.’ तायवोनं टाहो फोडला की केहिंडेनं समजायचं, चला, जायला हरकत नाही. आणि जुळ्यांच्या पाठीवर त्याच कुशीतून जे पोर येईल ते इडोवू. इडोवू म्हणजे हट्टी, आडमुठं, सरळ विचारलं तर वाकडं सांगणारं, असा आमच्याकडे त्या नावाचाच लौकिक आहे. काही इडोवू हा लौकिक खोटा पाडायला जन्मभर धडपडतात. आमच्या इडोवूनं तो नुसता राखला नाही, वाढवला.

तिच्या आधीची जुळी पाऊल टाकायच्या आतच गेली होती. ‘गेली’ हेही मी चोरून म्हणतो. जुळ्यातलं कुणी मेलं असं आमच्यात म्हणत नाहीत, प्रवासाला गेलं म्हणतात. आईनं सुताराकडून वीतभर उंचीच्या दोन लाकडी बाहुल्या कोरून घेतल्या. दर आठवड्याला ती त्यांना कोमट पाण्यानं न्हाऊ घालायची, तेल लावायची, पुढ्यात शिजवलेली चवळी ठेवायची आणि काय बोलायचं ते बोलायची. तिचं सगळं रडणं त्या दोन लाकडांपाशी असायचं. ते आटोपलं की ती उठायची, पदर झटकायची आणि इडोवूला हाक मारायची, ती फक्त इडोवूचीच हाक असायची. चुकूनसुद्धा तिनं थोरल्यांचं नाव धाकटीला चिकटवलं नाही. आईला जाऊन तीस वर्षं झाली. बाहुल्या इडोवूच्या फळीवर आहेत, आणि धुऊन धुऊन त्यांचे नाकडोळे पार गुळगुळीत झाले आहेत.

सतराव्या वर्षी इडोवू मावशीच्या हाताखाली सुईणपण शिकली. आता ती एकाहत्तर वर्षांची आहे. मधल्या काळात तिच्या हातावर तीन हजारांच्या आसपास पोरं आली. सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाया आधी तिला नाकं मुरडत, मग अडलं की तिलाच बोलावू लागल्या. तिनंही कधी स्वतःच्या अभिमानापायी अडलेली बाई घरात अडवून ठेवली नाही. दोन बोटांनी पोट चाचपायची आणि म्हणायची, ‘हे माझं काम नाही, गाडी काढा.’ तेवढ्यासाठी तरी गावानं तिचा आगाऊपणा सोसला.

तिची एक खोड होती. बाळ हातात आलं की नाळ कापायच्या आधी ती त्याच्या तोंडाजवळ तोंड नेऊन विचारायची, ‘आलास? मी इडोवू. तू कोण?’ बाळ अर्थातच भोकाड पसरायचं. बाळंतिणीसुद्धा कळा विसरून हसायच्या.

“काय आजी, दिलं का कुणी उत्तर?” बाजारातल्या बाया चिडवायच्या.

“देईल कुणीतरी. मला कुठं घाई आहे?”

जुळ्यांपैकी दोघांनाही ती वेगवेगळं विचारायची. एकाला विचारून दोघांचं भागवलं, असं कधी झालं नाही.

रेमिलेकुनच्या मुलींनाही तिनं असंच विचारलं होतं, तेरा वर्षांपूर्वी. रेमिलेकुन म्हणजे अडिगुन मेकॅनिकची बायको. सगळे तिला रेमी म्हणतात. दोघी मुलींची वार एकच निघाली होती, चेहरे तर असे की बापानं वर्षभर एकीच्या पायात दोरा बांधून ठेवला. आठव्या दिवशी नामकरण झालं. तायवोचं लाडाचं नाव अनिके ठेवलं, केहिंडेचं अयोका. इडोवूला मात्र दोरा लागला नाही. तायवो गाणी म्हणायची, भांडायची, सकाळी चवळीच्या वड्यांत मूठभर मिरची घालून खायची. केहिंडे दिवसभर शेळ्यांच्या मागं असायची, बोलायची कमी, आणि मिरचीचा एक कण जिभेला लागला तर घागरभर पाणी प्यायची.

मागच्या वर्षी कोरडे वारे सुटले होते तेव्हा तायवोला ताप भरला. चौथ्या दिवशी ती प्रवासाला गेली.

सासूनं बाहुली कोरून घ्यायची गोष्ट काढली, तेव्हा रेमी कडाडली, “मी चर्चला जाणारी बाई. लाकूड घरात आणायचं नाही.” ठीक आहे, ज्याचा त्याचा धर्म. पण दुःख काही धर्म बघून बसत नाही, त्याला कुठंतरी टेकायला जागा लागते. रेमी दोन ताटं वाढत राहिली. दुसरं ताट वाया जाऊ नये म्हणून केहिंडेनं ते खायचं. तायवोचे पिवळे मणी पेटीत पडून राहू नयेत म्हणून केहिंडेनं ते घालायचे. पुढं पुढं आठवड्यातले दोन दिवस ठरले. बुधवारी आणि शनिवारी घरात हाक यायची ती ‘तायवो’ अशी, आणि ‘ओ’ द्यायची केहिंडेनं. बाप घरी आला की गॅरेजमध्ये काहीतरी विसरल्यासारखं करून परत जायचा. एवढा धिप्पाड माणूस, पण बायकोच्या रडण्यापुढं त्याची बोबडी वळायची. मला त्याचा राग येतो, आणि कीवही.

यंदाच्या जुळ्यांच्या उत्सवाला पंधरा दिवस होते तेव्हा लागोसहून पांढऱ्या गाडीतून डॉक्टर मुयिवा आला. परदेशात शिकलेला, तिथल्याच एका संस्थेचं काम करणारा, पण बोलायला आपला; म्हाताऱ्यांपुढं जमिनीला हात लावून नमस्कार करणारा. जुळ्यांचा अभ्यास करतो म्हणाला. सगळ्यांनी त्याला एकच पत्ता दिला, इडोवूचा.

“आजी, एकाच वारेची जुळी तुम्हाला आठवतात?”

“आठवतात? हात लावून सांगते. या बोटांना विचार.”

“त्यातलं एक प्रवासाला गेलंय, असं कुणी?”

तिनं रेमीच्या मुलींचं नाव सांगितलं. वरून बढाईही मारली की माझ्या शब्दावर दवाखाना शिक्का मारतो. ती बढाई तिच्या अंगाशी आली. कारण दुसऱ्या दिवशी डॉक्टर रेमीच्या ओसरीवर बसला होता आणि तायवो परत आणता येईल म्हणून सांगत होता.

केहिंडेच्या दंडावरची मसुरीच्या दाण्याएवढी कातडी घ्यायची. तिच्यातलं बीज एका बाईच्या बीजांडात ठेवायचं, आणि ते रेमीच्या कुशीत रुजवायचं. दोघी एकाच गर्भाच्या दोन फांद्या, तेव्हा केहिंडेची कातडी ती तायवोचीच कातडी. जन्मेल ती हुबेहूब तायवो. शिकलेले लोक याला क्लोन म्हणतात. माणसाचा असा क्लोन अजून कुणी केलेला नाही, हेही डॉक्टरनं लपवलं नाही. एक पैसा नको, फक्त घरच्यांची सही हवी, आणि मुलीची तयारी.

गावात दुसरा विषयच राहिला नाही. बाजारात एक म्हणाली, “माझ्या नवऱ्याचा दुसरा नको गं बाई, हाच पुरे झालाय.” दुसरी म्हणाली, “माझ्या सासूचा होत असेल तर मी गाव सोडते.” पण हसून झालं की बाया गप्प व्हायच्या. प्रत्येकीच्या घरातून कुणी ना कुणी प्रवासाला गेलेलं होतंच.

बुधवारी दुपारी इडोवू अंगणात भोपळ्याच्या बिया सोलत बसली होती. केहिंडे आली, गुडघे टेकून नमस्कार केला. गळ्यात पिवळे मणी होते.

“ये गं केहिंडे.”

“आज बुधवार आहे आजी,” पोर म्हणाली. “आज मी तायवो.”

इडोवूनं बियांची टोपली बाजूला सारली.

“बरं. काय काम काढलंस?”

“कातडी काढतात तेव्हा खूप दुखतं?”

“मुंगी चावल्यासारखं. तू हो म्हणालीस?”

“म्हणणार आहे.”

“का?”

पोरीनं बराच वेळ अंगठ्यानं माती उकरली. “ती आली म्हणजे बुधवारी आणि शनिवारी तिची तीच तायवो होईल ना. मग मी रोज मीच.” मग ती हळू आवाजात म्हणाली, “पण आजी, ती माझ्यातूनच काढलेली असली, आणि आईला ती मिळाली, तर मग माझं काय काम उरेल?”

तीन हजार बाळांना ‘तू कोण’ विचारणाऱ्या बाईला या पोरीपुढं तो प्रश्न उच्चारता आला नाही. इतकी लाज तिला जन्मात वाटली नव्हती. पत्ता तिनंच दिला होता.

ती उठली आणि तडक रेमीकडं गेली. आणि जायला नको होतं तशी गेली. रागानं, पदर खोचून.

“रेमी, त्या डॉक्टरला हाकलून दे. हे पाप आहे.”

“पाप?” रेमी चुलीपुढून उठलीसुद्धा नाही. “आजी, तुमच्या फळीवर दोन लाकडं आहेत. तुमच्या आईनं चाळीस वर्षं त्यांना जेवू घातलं. मला लाकूड नको. मला माझी पोर पाहिजे. यात पाप कसलं?”

“ती परत येणार नाही गं.”

“तुम्हाला काय कळतं? तुम्ही दुसऱ्यांची पोरं झेलली. एक तरी स्वतःची झाली का?”

हे खरं होतं. इडोवूला मूल नव्हतं. तिच्या तोंडात मारल्यासारखं झालं. ती निमूट परत आली आणि दोन दिवस कुणाशी बोलली नाही. हा गावात विक्रमच मानतात.

लहान मुलीच्या अंगाची गोष्ट, म्हणून अडिगुनच्या घराण्यातले थोरले बाबा ओयेवाले यांनी शुक्रवारी सकाळी चौकात बैठक बोलावली. आंब्याखाली बाकं मांडली. पाद्री आले, शाळेतल्या विज्ञानाच्या सिकिरात बाई आल्या, डॉक्टर फाइल घेऊन बसला. रेमी आणि अडिगुन पुढं, मधे केहिंडे. इडोवूला बोलावणं नव्हतं. ती बियांची टोपली घेऊन आली आणि शेवटच्या बाकावर सोलत बसली. तिला ऊठ म्हणायची कुणाची छाती होती?

पाद्री आधी उभे राहिले. “जन्म देणं देवाचं काम. माणसानं त्यात हात घालू नये.”

डॉक्टर नम्रपणे म्हणाला, “पाद्रीबाबा, मागच्या वर्षी तुमच्या हर्नियात हात घातला तो माणसानंच ना?”

चौकात खसखस पिकली. पाद्री बसले.

सिकिरात बाई मात्र डॉक्टरच्या तोडीच्या. “जनावरांत शंभर प्रयत्न केले तर किती टिकतात?”

डॉक्टर म्हणाला, “दोन-चार.”

“बाकीची?”

“रुजत नाहीत. काही पोटात जातात. काही जन्मून जातात.”

“म्हणजे रेमीनं तायवोला आणखी किती वेळा पोचवायचं?”

रेमी मान वर न करता म्हणाली, “माझं पोट आहे बाई. मी सोसेन.”

सिकिरात बाईंचा मुद्दा लाखमोलाचा होता, पण आईच्या ‘सोसेन’पुढं तो दुबळा पडला. डॉक्टरनं ते ओळखलं आणि हळूच आपलं हुकमाचं पान काढलं.

“मी याच गावात का आलो? इतर ठिकाणी लोक म्हणतात, एकासारखा दुसरा माणूस म्हणजे भयंकर गोष्ट. तुमच्याकडे तर गल्लोगल्ली एकासारखी दुसरी माणसं हिंडतात. जुळी म्हणजे निसर्गानं केलेला क्लोनच. तुम्हाला कसली भीती?”

लोक एकमेकांकडे बघू लागले. खरंच की. मागून अडिगुनचा भाऊ ओरडला, “बाबा, हा भामटा आहे! असं काही होतच नसतं. हाकला याला!” आणि चारसहा जण त्याची री ओढू लागले, “हाकला, हाकला!”

“बसा खाली,” इडोवू म्हणाली.

ती टोपली बाजूला ठेवून उठली होती.

“हा भामटा नाही. हा बोलतो ते सगळं खरं आहे असंच धरा. आज भामटा म्हणून हाकलाल, आणि उद्या खरोखर करून दाखवणारा आला तर त्याला काय म्हणून हाकलाल? बोलायचं असेल तर होणार आहे असं धरून बोला.”

बाबा ओयेवाले हसले. “इडोवू ती इडोवूच. बोल बाई.”

“डॉक्टर, बाळा, तुझं एक चुकलं. आमच्याकडे एकासारखं दुसरं कुणी नाही. मी तीन हजार झेलली, त्यात एकाच वारेची पावणेदोनशे. हातात घेतल्यावर एक पाय झाडतं, एक मूठ आवळतं. एक आईकडे वळतं, एक उजेडाकडे. हुबेहूब असं मला एकदासुद्धा मिळालं नाही. चेहरे सारखे असतात ते बघणाऱ्याच्या सोयीसाठी.”

“पण आजी—”

“थांब. मुंगीला मुंगी सारखीच वाटते का, ते मुंगीला विचार. आता समज, तुझं काम झालं. रेमीला दिवस गेले, भरले. बाळ माझ्याच हातावर आलं.”

“आत्मा नसलेलं बाळ!” पाद्री बसल्या जागेवरून म्हणाले.

इडोवू गर्रकन वळली. “पाद्रीबाबा, तुम्ही किती बाळंतपणं केलीत? जे रडतं त्याला आत्मा असतो. ते बाळ आलं तर मी त्याला याच हातांनी पुसेन, छातीशी धरीन, आणि त्याला जो कुणी नकली म्हणेल त्याच्या थोबाडीत देईन. बाळाचा दोष नसतो. दोष असलाच तर बोलावणाऱ्याचा.” मग ती रेमीकडे बघून मऊ आवाजात म्हणाली, “आठव्या दिवशी नामकरण. नाव काय ठेवायचं गं?”

“तायवो,” रेमी ताडकन म्हणाली. “दुसरं काय?”

“बाबा,” इडोवूनं थोरल्यांना विचारलं, “घराण्यात थोरले तुम्ही. नाव तुम्ही उच्चारणार. जुळ्यांनंतर त्याच कुशीतून जे येतं, त्याचं नाव काय?”

बाबांनी तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. मग म्हातारा असा हसला की त्याची टोपी पडली. “अगं, हे काय विचारायला लागतं? इडोवू!”

“इडोवू!” सगळा चौक ओरडला. बाया टाळ्या पिटू लागल्या. “तायवो कुठली, इडोवू येणार! आणखी एक इडोवू! सांभाळा रे बाबांनो!”

डॉक्टर गोंधळला. “नावानं काय होतं? रक्त तर तायवोचंच असेल.”

“रक्ताचं तू बघ,” बाबा डोळे पुसत म्हणाले. “नावाचं आम्ही बघतो.”

“नावानं जागा कळते, बाळा,” इडोवू म्हणाली. “तायवो म्हणजे बहिणीच्या आधी जग चाखायला गेलेली. जिच्या आधी तिची बहीण तेरा वर्षं जग चाखून बसलीय, ती कुणाच्या आधी जाणार? ती इडोवूच असेल, माझ्यासारखी. दोन गेल्यावर मी आले. आईनं माझ्या तोंडात त्यांना शोधलं असतं तर मला स्वतःचं तोंड मिळालं नसतं. त्या पोरीला कधी मिरची नको वाटली, कधी गाणं नको वाटलं, तर रेमीला वाटणार, माझी तायवो बिघडली. पोर आईकडे बघणार, आई पोरीकडे, आणि दोघी शोधणार तिसरीलाच.”

मग ती रेमीकडे वळली.

“रेमी, परवा तू मला बोललीस ते खरं आहे. मला एकही झालं नाही. पण मी कुणाची तरी झाले, एवढं मला कळतं. माझ्या आईचं ओझं त्या लाकडांनी वाहिलं. लाकडाला ओझं वाटत नाही गं, म्हणून आपल्या लोकांनी लाकूड घेतलं. मूर्ख नव्हते ते. तू म्हणालीस, लाकूड नको. नको तर नको. पण मग तू काय केलंस? पोरीलाच लाकूड केलंस. तिला न्हाऊ घालतेस, दुसरीचे मणी घालतेस, दुसरीचं खायला देतेस. एक लाकूड घरात आहे, आता दुसरं मागवतेस.”

अडिगुननं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. रेमी उभी राहिली. ती आता काय बोलेल या भीतीनं बाया पुढं सरकल्या. पण बोलली ती मधे बसलेली पोर.

“आई, मला मिरची चालत नाही.”

सगळे तिच्याकडे बघू लागले.

“पोटात आग होते. रात्रभर.”

“मग बोलली का नाहीस?” रेमीचा आवाज फुटला. “वर्षभर खातेयस!”

“तायवोला आवडायची ना,” पोर म्हणाली. “तिचं ताट तसंच परत गेलं असतं तर तू रडली असतीस.”

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तसं रेमीचं झालं होतं. वर्षभर ती गेलेल्या पोरीला हाका मारत होती, आणि राहिलेली पोर शेजारी बसून, तोंड भाजत, आई रडू नये म्हणून जेवत होती. रेमीनं तिच्याकडे पाहिलं. पहिल्यांदा पाहावं तसं पाहिलं. मग पोरीच्या गळ्यातले पिवळे मणी काढले आणि स्वतःच्या मुठीत घट्ट धरले.

“अयोका,” ती म्हणाली.

केहिंडेचं ते लाडाचं नाव वर्षभरात त्या घरात कुणी उच्चारलं नव्हतं. पोर आईच्या पोटात तोंड खुपसून अशी रडली की आंब्यावरचे कावळे उडाले. आणि खरं सांगायचं तर चौकात कोरड्या डोळ्यांचं कुणी उरलं नाही; सिकिरात बाई चष्मा पुसत होत्या, पाद्रीबाबा नाक शिंकरत होते. ज्यांना हसायचं त्यांनी हसावं, पण मीही रडलो.

रेमीनं फाइल उचलून डॉक्टरच्या हातात दिली. “डॉक्टर, तुम्ही वाईट माणूस नाही. पण माझ्या पोरीच्या दंडाला सुई लागणार नाही. कुणाला आणण्यासाठीसुद्धा.”

अडिगुन तेव्हा कुठं उठला. “आणि दोन ताटांचं बंद,” तो म्हणाला. वर्षभर अडकलेलं एवढं वाक्य त्याच्या घशातून अखेर बाहेर पडलं. बाबा ओयेवाले यांनी काठी आपटली, म्हणजे निकाल झाला.

पुढच्या शनिवारी जुळ्यांचा उत्सव होता. दर वर्षीसारखीच शेकडो जोड्या एकसारखे कपडे घालून रस्त्यावर, ढोल फुटतील असे वाजत होते, आणि जुळ्यांच्या आया बाजारभर नाचत होत्या. डॉक्टर लागोसला परत गेला नव्हता. “तुमचं पटलं असं नाही,” तो इडोवूला म्हणाला, “पण झोप उडाली एवढं खरं.” “मग जेव आधी,” म्हणून तिनं त्याच्यापुढं कुटलेल्या कोनफळाचा नारळाएवढा गोळा आणि भेंडीच्या पाल्याची आमटी ठेवली. त्यानं फळीवरच्या बाहुल्या हातात घेऊन विचारलं, यातली तायवो कोणती? “ते माझ्या आईला ठाऊक होतं,” इडोवू म्हणाली. “मला कधी ठाऊक असावं लागलं नाही.”

एवढ्यात बाहेर गलका झाला. रेमी नाचत येत होती. एका आईच्या पुढं एकच पोर. आणि त्या दोघींना बघून बाजारातल्या बाया चेकाळल्यासारख्या ओरडत, गात, वाट करून देत होत्या. अयोकाच्या अंगावर स्वतः निवडलेलं निळं लुगडं होतं. पिवळे मणी रेमीच्या गळ्यात होते. तायवोचं जे होतं ते आता आई स्वतः वागवत होती. बाहुली तिनं नाहीच घेतली. पण सकाळीच मोठं पातेलंभर चवळी शिजवून तिनं गल्लीतल्या सगळ्या पोरांना तायवोच्या नावानं वाटली होती, भरपूर मिरची घालून. पाद्रीबाबांनीही दोनदा मागून घेतली.

जुळ्यांच्या आईला सगळं जोडीनं द्यायचं, त्या रिवाजाप्रमाणं वडेवाल्या बाईनं दोन पुड्या पुढं केल्या. रेमीनं दोन्ही घेतल्या, मिरचीची पुडी समोरच्या पोरांच्या घोळक्याला देऊन टाकली आणि बिनमिरचीची अयोकाच्या हातात ठेवली.

इडोवूही रस्त्यात उतरली. तिला नाचता येत नाही, कधीच येत नव्हतं. कुणी हसलं तर ती ‘अंगण वाकडं आहे’ म्हणते. ती आपली गुडघे धरत धरत अयोकापुढं येऊन थांबली, कमरेत वाकली, तोंडाजवळ तोंड नेलं. ढोलवाल्यानं का कोण जाणे हात थांबवला.

“आलीस?” म्हातारीनं विचारलं. “मी इडोवू. तू कोण?”

“अयोका!” पोर तोंडात वडा भरलेला असतानाच ओरडली. “आणि बाजूला हो ना आजी, मला नाचायचंय!”

चोपन्न वर्षं आणि तीन हजार बाळं. त्या प्रश्नाला आज पहिल्यांदा उत्तर आलं होतं. इडोवूनं दोन्ही हात वर केले आणि साऱ्या बाजाराला ऐकू जाईल अशी आरोळी ठोकली, “ऐकलंत का गं? दिलं! दिलं उत्तर!”